पाणी वाढवलं तरी फोटो काळाच

"इन्नू स्वल्प नीर हाक, तम्मा."

मे महिन्यातली दुपार. अक्कलकोटच्या एका फोटो स्टुडिओतली डार्करूम म्हणजे जिन्याखालची खोली. छताला लाल बल्ब, फळीवर तीन ट्रे, दाराच्या फटीत कोंबलेला सोलापुरी चादरीचा तुकडा. मी मैंदर्गीहून एसटीने सुट्टीत काम शिकायला आलेला पोरगा. स्टुडिओच्या मालकांना सगळे अण्णा म्हणत. आमच्या सीमेवरच्या रिवाजाप्रमाणे ते गिऱ्हाइकाशी मराठीत आणि कामाचं कानडीत बोलायचे. पहिल्या ट्रेतल्या डेव्हलपरमध्ये अजून थोडं पाणी घाल, असं ते मला सांगत होते.

मी पाणी घातलं, पण मनात म्हटलं, अण्णा कंजूष आहेत. चहात पाणी ओतलं की चहा पांचट होतो, ताकात ओतलं की ताकाचं फुळकवणी. आता या बाईंचा फोटो राखाडी येणार आणि बोलणी मला बसणार. अण्णांनी कागद ट्रेत सरकवला. पाणी घालण्याआधी पाच-सहा आकड्यांतच चेहरा भसकन उमटत होता. या वेळी बारापर्यंत मोजलं तेव्हा कुठे भुवया दिसल्या, मग कुंकू, मग अंबाडा. दीड मिनिटाने कागद बाहेर काढला तर अंबाड्याचा काळा आधीच्या फोटोपेक्षा तसूभरही कमी नव्हता.

द्रावण पातळ झालं, मग काळा आला कुठून?

रंगारी आणि फोटोवाला

सोलापुरात चादरी-टॉवेलचं सूत रंगवणारा रंगारी जे करतो त्याच्या नेमकं उलटं डार्करूममध्ये होतं. रंगाऱ्याचा रंग हौदात असतो आणि सुतावर चढतो. हौदात पाणी वाढलं की सूत फिकं. आपल्याला वाटतं फोटोचंही तसंच असेल, ट्रेत शाईसारखं काहीतरी असेल आणि ते कागदाला लागत असेल. पण ताजा डेव्हलपर पाण्यासारखा स्वच्छ असतो. त्यात काळं काहीच नाही. काळा होणारा माल आधीपासून कागदातच भरलेला असतो.

फोटोच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे, म्हणजे चांदी आणि ब्रोमिन यांच्या संयुगाचे, अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. एनलार्जरखाली निगेटिव्हमधून जिथे प्रकाश पडतो तिथल्या कणांच्या पृष्ठभागावर चांदीचे चार-पाच सुटे अणू तयार होतात. कण कोट्यवधी अणूंचा आणि त्यातले हे चार-पाच. डोळ्याला कागद पांढराच दिसतो. पण चित्र पडलेलं असतं, फक्त सुप्त.

मला यासाठी ज्वारीची उपमा सर्वांत पटते. एनलार्जरचा प्रकाश ही पेरणी. डेव्हलपर म्हणजे जमिनीतली ओल. बी पडलं असेल तिथेच कोंब येणार. ओल भरपूर असेल तर लवकर, बेताची असेल तर उशिरा. पण न पेरलेल्या सरीत ज्वारी उगवत नाही, आणि पेरलेली ज्वारी ओल कमी म्हणून बाजरी होत नाही. डेव्हलपर त्या चार-पाच अणूंच्या खुणेपासून सुरुवात करून अख्ख्या कणाची चांदी करतो. खूण नसलेल्या कणाला तो सहसा हात लावत नाही.

चांदी तर लखलखीत, मग फोटोत काळी कशी? डेव्हलपरमधून निघणारी चांदी सपाट पत्र्यासारखी नसते, तारांच्या गुंतवळासारखी असते. प्रकाश आत शिरतो आणि त्या गुंत्यात अडकून बसतो. परत येत नाही म्हणून काळं दिसतं.

तालुक्याबाहेरच्यांना कदाचित ठाऊक नसेल, पण आमच्याकडे घरोघरी सांगतात की स्वामी समर्थांचा फोटो कोडॅक कंपनीने काढला. स्वामींनी समाधी घेतली १८७८ मध्ये, आणि कोडॅक हे नावच बाजारात आलं १८८८ मध्ये. त्या काळात बहुतेक फोटो अल्ब्युमिन कागदावर, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर छापत. कागद निगेटिव्हखाली ठेवून उन्हात धरायचा, ऊनच चित्र पूर्ण काळं करायचं. म्हणजे कागदासाठी डेव्हलपरची गरजच नसे. चार-पाच अणूंवर काम भागवून बाकीचं रसायनावर सोपवायचं, ही युक्ती कागदाच्या बाबतीत नंतर रूढ झाली. तिच्यामुळेच रात्री, बल्बच्या उजेडात, काही सेकंदांत फोटो छापता यायला लागला.

ट्रेत कोण कोण असतं

पाठ्यपुस्तकांनी डेव्हलपरला 'विकासक' म्हटलं होतं. आता तो शब्द बिल्डर लोकांनी नेला, त्यामुळे आपण डेव्हलपरच म्हणू. कागदाच्या डेव्हलपरची सर्वांत प्रसिद्ध कृती म्हणजे कोडॅकची डी-७२. डब्यात तयार मिळणारा डेक्टॉल हा तिचाच जवळचा भाऊ. तिच्यात पाण्याखेरीज पाच जण असतात.

मेटॉल आणि हायड्रोक्विनोन हे दोन खरे कामकरी. कणातल्या चांदीला इलेक्ट्रॉन देऊन तिला ब्रोमिनपासून सोडवायचं, हे त्यांचं काम. हायड्रोक्विनोनचा हा गुण विल्यम ॲबनी यांनी १८८० मध्ये दाखवला, मेटॉल जर्मनीत १८९१ मध्ये आलं. दोघं वेगवेगळे जेवढं काम करतात त्याच्या बेरजेपेक्षा एकत्र कितीतरी जास्त करतात. का? मेटॉल म्हणजे विहिरीवरून घागर नेऊन झाडाला घालणारा चपळ पोऱ्या. हायड्रोक्विनोन म्हणजे काठावर बसून रिकामी घागर भरून देणारे आजोबा. पोऱ्या कणापाशी जाऊन इलेक्ट्रॉन ओततो आणि रिकामा होतो, आजोबा त्याला पुन्हा भरून देतात. एकटे आजोबा सावकाश चालणारे, एकटा पोऱ्या एका घागरीत संपणारा.

तिसरं सोडियम सल्फाइट, म्हणजे राखणदार. चिरलेलं वांगं उघड्यावर ठेवलं की काळं पडतं, कारण त्यातली फिनॉल जातीची द्रव्यं हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावतात. मेटॉल-हायड्रोक्विनोनही त्याच गोत्राचे. उघड्या ट्रेत तेही असेच तपकिरी होऊन वाया जातात. सल्फाइट ते लांबवतो. बेदाणे काळे पडू नयेत म्हणून त्यांना गंधकाची धुरी देतात, त्यामागचं तत्त्वही जवळपास हेच.

चौथा सोडियम कार्बोनेट, आपला धुण्याचा सोडा. कामकरी क्षारयुक्त पाण्यातच हात चालवतात, आणि काम चालू असताना आम्ल सुटत राहतं ते हा सोडा शोषून घेतो. पाचवं पोटॅशियम ब्रोमाइड, खुरपणी करणारं. न पेरलेल्या जागी उगवू पाहणारं तण, म्हणजे पांढऱ्या भागावर येणारी राखाडी झाक, ते दाबून ठेवतं.

> चौकट: डी-७२ घरी बनवायचा तर
> सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या अर्धा लिटर पाण्यात याच क्रमाने: मेटॉल ३ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट ४५ ग्रॅम, हायड्रोक्विनोन १२ ग्रॅम, निर्जल सोडियम कार्बोनेट ६७.५ ग्रॅम, पोटॅशियम ब्रोमाइड २ ग्रॅम. एक पूर्ण विरघळल्याशिवाय दुसरं नको. मग थंड पाणी घालून एकूण १ लिटर. हा साठा. वापरताना सहसा १:२.
> भांडं प्लास्टिकचं, एनॅमलचं किंवा स्टीलचं, आणि ते परत स्वयंपाकघरात जाणार नाही. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं भांडं नको, सोडा ते खातो. मेटॉलने काहींच्या हातांना खाज आणि पुरळ येतं, म्हणून चिमटे किंवा हातमोजे.

क्रमावर जोर दिलाय तो अनुभवाने. पहिल्यांदा मी सगळा सल्फाइट आधी ओतला आणि मग मेटॉल. दाट सल्फाइटच्या पाण्यात मेटॉल विरघळायला तयार नसतं. पांढरी पिसं तरंगत राहिली आणि अर्धा तास ढवळून हात दुखले. तेव्हापासून मेटॉल आधी, फार तर त्याच्यासोबत चिमूटभर सल्फाइट.

सोड्यातही एक मेख आहे. बाजारातल्या खडेवाल्या धुण्याच्या सोड्यात वजनाच्या निम्म्याहून अधिक पाणीच असतं. ६७.५ ग्रॅम निर्जल सोड्याचं काम त्याच्या सुमारे १८२ ग्रॅमनी होतं. म्हणजे ट्रेत पाणी घालायच्या आधीच पुडीतून पाणी आलेलं असतं आणि आपल्याला पत्ता नसतो.

एकाला दोन म्हणजे किती?

१:२ म्हणजे एक भाग साठा आणि दोन भाग पाणी. एकूण तीन भाग. एका लिटरच्या ट्रेसाठी साधारण ३३३ मिलिलिटर साठा आणि ६६७ मिलिलिटर पाणी. इथे बरेच जण चुकतात, 'तीनातला एक' आणि 'एकाला तीन' यांची गल्लत होते. म्हणून काही कंपन्या आता १+९ असं लिहितात. इलफर्डच्या मल्टिग्रेड डेव्हलपरच्या बाटलीतलं १०० मिलिलिटर आणि पाणी ९००. बेरीज करून १ लिटर, वादच नाही. त्याच बाटलीला १+१४ हेही प्रमाण दिलेलं आहे. प्लास्टिकचा थर असलेल्या कागदाला २० अंशांवर १+९ मध्ये १ मिनिट लागतं, १+१४ मध्ये दीड मिनिट. बनवणारी कंपनी स्वतःच सांगतेय की पातळ केलंत तर वेळ वाढवा, काळ्याची चिंता करू नका.

पाणी वाढलं की बदलतं काय

१:२ केलेल्या १ लिटर डी-७२ मध्ये मेटॉल १ ग्रॅम आणि हायड्रोक्विनोन ४ ग्रॅम उरतं. १:४ केला तर ०.६ आणि २.४ ग्रॅम. पोऱ्ये आणि आजोबा दोघंही कमी झाले. सोड्याचं मात्र गंमतशीर आहे. प्रमाण घटलं तरी पाण्याचा क्षारपणा फारसा उतरत नाही, कारण सोड्याची कणगी मोठी असते आणि लागेल तेवढंच ती सोडते. म्हणून काम थांबत नाही, मंदावतं.

मंदावतं याचा अर्थ चित्र उशिरा उमटतं आणि पूर्ण व्हायला जास्त वेळ लागतो. हा वेळ दिला तर काळा जवळपास तेवढाच येतो. नाही दिला तर मात्र राखाडी. पातळ डेव्हलपरवर येणारं बहुतेक बालंट खरं तर आपल्या घाईचं असतं. बरेच नवशिके एनलार्जरखाली कागदाला जास्त प्रकाश देतात, मग चित्र भरभर काळं होताना पाहून घाबरतात आणि चाळीस सेकंदांत उचलतात. पेरणी दाट केली आणि पीक गुडघ्याएवढं असताना कापलं, तर कणसं कुठून मिळणार? कागद पूर्ण वेळ डेव्हलपरमध्ये राहिला पाहिजे, आणि तरी काळपट आला तर प्रकाश कमी करायचा, वेळ नाही. डार्करूममधला एकच नियम लक्षात ठेवायचा म्हटलं तर मी हा ठेवीन.

कॉन्ट्रास्टबद्दलची समजूतही तपासून घ्यावी. पाणी वाढवलं की फोटो 'सॉफ्ट' येतो असं स्टुडिओवाले सांगत. त्याच वेळेत कागद काढला तर येतोच. पूर्ण वेळ दिल्यावर फरक थोडाच राहतो. सॉफ्ट, नॉर्मल, हार्ड हा खेळ मुख्यतः कागदाच्या ग्रेडचा. ज्या कागदात ब्रोमाइडबरोबर सिल्व्हर क्लोराइडही असतं त्यांच्या रंगछटेवर पातळ डेव्हलपरचा परिणाम दिसतो, काळा किंचित तपकिरीकडे झुकतो. जुन्या स्टुडिओतल्या काही पोर्ट्रेटना जी ऊब दिसते, तिच्यात या कागदांचाही वाटा आहे. पण काळाच्या ओघात पिवळट झालेल्या सगळ्याच फोटोंना ऊब म्हणू नका. पुष्कळदा तो हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं द्रावण, नीट न धुतल्याचा डाग असतो.

खरा तोटा टिकण्यात आहे. कामकरी कमी म्हणजे कमी कागदांत दमणार. राखणदार सल्फाइटही पातळ झालेला, म्हणजे हवेपुढे ट्रे लवकर हरणार. शिवाय प्रत्येक कागद आपल्यातलं ब्रोमाइड द्रावणात सोडून जातो, म्हणजे खुरपणारे वाढत जातात आणि शेवटी पिकालाच खुरपं लागतं. उमटायला लागणारा वेळ लांबत गेला, द्रावण कोऱ्या चहासारखं दिसायला लागलं, की समजायचं ट्रे संपला. तेव्हा त्यात साठ्याचा शिपका मारून चालवण्याची स्टुडिओंत पद्धत होती. घाईच्या पासपोर्ट फोटोंना चालून जायचं. चांगल्या फोटोला नवा ट्रेच घ्यावा.

सोलापूरचा मे, मैंदर्गीचा डिसेंबर

अण्णांच्या पाण्याचं कारण कंजुषी नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. पुस्तकातले सगळे वेळ २० अंशांचे. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर आणि टाकीतलं पाणी हात चटकेल असं. रासायनिक क्रिया ढोबळ मानाने दर दहा अंशांना दुपटीने वाढते. म्हणजे दीड मिनिटाचं काम ३० अंशांत पाऊण मिनिटावर येतं, त्याहून गरम पाण्यात आणखी झटपट. एवढ्या थोड्या वेळात द्रावण कागदावर सगळीकडे सारखं पोहोचत नाही, गालावर ढग उठतात. तण माजतं आणि पांढरे मळतात. जिलेटिन मऊ होऊन चिमट्याचा ओरखडा उठतो. पाणी घालून अण्णा रसायन वाचवत नव्हते, वेळ विकत घेत होते. चित्र सहाऐवजी बारा आकड्यांवर उमटलं, म्हणजे पुढचं सगळंच हाताशी आलं.

उमटण्याच्या क्षणापासून एकूण वेळ काढायची एक जुनी रीत आहे. नेहमीच्या हवामानात चित्र १५ सेकंदांत दिसायला लागलं आणि ९० सेकंदांत पूर्ण झालं, तर गुणक ६. आज २० सेकंदांत दिसलं, तर १२० सेकंद ठेवायचं. द्रावण गरम आहे, पातळ आहे की दमलेलं, हे सगळं त्या पहिल्या चिन्हातच येऊन जातं. थर्मामीटर नसलेले लोक नकळत हेच करत.

ट्रे गार करायला लोक ओल्या गोणपाटावर ठेवत किंवा काम रात्री काढत. बर्फ घालायचा तर पिशवीत बांधून. एकदा मी खडे थेट ट्रेत टाकले. गारवा आला, पण १:२ चं न कळत १:३ झालं होतं, आणि मी तासभर कागदाला दोष देत बसलो.

डिसेंबरात उलटं. पहाटेच्या पाण्यात हात घालवत नाही, तेव्हा आजोबांनाही घालवत नाही. सुमारे १२-१३ अंशांखाली हायड्रोक्विनोन जवळजवळ निपचित पडतं. एकटं मेटॉल राबत राहतं आणि फोटो मिळमिळीत राखाडी येतो. अशा वेळी पाणी कमी करण्यापेक्षा ट्रे कोमट पाण्याच्या परातीत ठेवणं बरं. द्रावण घट्ट केल्याने आजोबा जागे होत नाहीत.

बोअरचं पाणी

पातळ करायचं म्हणजे ट्रेत दोन-तृतीयांश पाणीच, आणि मैंदर्गीचं पाणी म्हणजे काळ्या दगडातून येणारं, साबणाला फेस न देणारं. त्यात विरघळलेल्या कॅल्शियमला कार्बोनेट भेटलं की चुनखडी होते आणि डेव्हलपर दुधाळ दिसतो. लोक घाबरून ओतून देतात. देऊ नये. काम तो करतोच, फक्त पांढरे कण कागदाला चिकटून ठिपके पडतात. रात्री पाणी उकळायचं, सकाळी वरचं निवळ घ्यायचं, किंवा आता गल्लोगल्ली मिळतो तो फिल्टरच्या पाण्याचा जार. ट्रेला बसलेलं पांढरं किटण व्हिनेगरने सुटतं.

जड पाण्याने एक गोष्ट मात्र खरंच बिघडते. साठाच बोअरच्या पाण्यात केला तर बाटलीच्या तळाशी बसलेला थर दर वेळी हलून वर येतो. म्हणून साठ्याला चांगलं पाणी आधी, ट्रेचं नंतर बघू.

पट्टीचा प्रयोग

किती पातळ म्हणजे अति पातळ, याचं एक उत्तर नाही. डी-७२ साठी १:४ पर्यंत मी बिनधास्त जातो. त्यापलीकडे ट्रेमध्ये इतके थोडे कामकरी उरतात की मोठा कागद घातला तर तो एकटाच त्यांना दमवतो. पण दुसऱ्याचा आकडा कशाला घ्यायचा? एक कागद लाल बल्बखाली चार पट्ट्यांत कापा. दिवा लावून सगळ्यांना सारखा, भरपूर प्रकाश दाखवा. एक १:२ मध्ये दीड मिनिट, दुसरी १:४ मध्ये तीन मिनिटं, तिसरी १:८ मध्ये सहा, आणि चौथी १:४ मध्येच पण मुद्दाम दीड मिनिटात काढलेली. चारही हायपोत घाला, धुवा आणि पूर्ण वाळू द्या, कारण ओला काळा नेहमी फसवतो. मग दुपारच्या उजेडात ओसरीवर शेजारी शेजारी ठेवा.

कापण्याआधी मागे पेन्सिलने आकडे लिहा. अण्णांच्या नंतर कितीतरी वर्षांनी मी हे मैंदर्गीच्या घरी न्हाणीघरात केलं तेव्हा लिहायचं राहिलं. चौथी पट्टी लगेच ओळखू आली, ती राखाडी होती. तिसरी, शंका घेत घेत. पहिल्या दोन मी अजून जपून ठेवल्या आहेत आणि त्यातली एकाला दोनची कोणती, एकाला चारची कोणती, हे मला आजही सांगता येत नाही.